पाऱ्याने दूषित झालेली खाणमाती : वनस्पती पारा काढतात की फक्त धरून ठेवतात?

रानजाई, पुणे · ३ जून, रात्री ९.१५

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी इंडोनेशियातील लोम्बोक बेटावर, सेकोटोंग भागातील एका गावात शेतकऱ्यांबरोबर काम करते आहे. तिच्या एका पत्रामुळे हा धागा उघडते आहे, कारण त्या पत्राला काय उत्तर द्यावे हे मला एकटीला ठरवता येत नाही.

त्या भागात डोंगरातून सोन्याचा दगड फोडून आणतात आणि तो पाणी व पारा घालून आडव्या पिंपांत तासन्‌तास फिरवतात. या पिंपांना तिथे गेलुंदुंग म्हणतात. पारा सोन्याचे बारीक कण धरतो, मग तो फडक्यातून पिळतात आणि हातात उरलेला गोळा उघड्यावर तापवून पारा उडवून देतात. पेठेतील सोनारांच्या दुकानांतला केर धुऊन सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांची कला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कृतीतले तत्त्व नवे वाटणार नाही. फरक आहे तो प्रमाणाचा. पिंपातून उरलेला गाळ पुष्कळदा सायनाइडच्या टाकीत जातो, कारण पाऱ्याला न सापडलेले सोने त्यातून निघते. शेवटी तो पारा आणि सायनाइड दोन्ही घेऊन ओढ्याकाठी किंवा शेताच्या बांधाला येऊन पडतो.

गावातल्या काही जणांनी ऐकले आहे की मोहरी पेरली म्हणजे ती जमिनीतला पारा ओढून घेते. त्यांनी दोन शेते त्यासाठी द्यायची ठरवली आहेत. विद्यार्थिनीने विचारले आहे की बियाणे कोणते घ्यावे, किती हंगाम लागतील आणि कापलेला पाला शेळ्यांना घातला तर चालेल का. हा तिसरा प्रश्न वाचून मी उत्तर लिहिता लिहिता थांबले.

मला माहीत आहे ते इतके. काही वनस्पती विशिष्ट धातू स्वतःच्या पानांत असाधारण प्रमाणात साठवतात. निकेलसाठी अशा शेकडो जाती ज्ञात आहेत. आर्सेनिकसाठी टेरिस व्हिटाटा हा नेचा २००१ साली अमेरिकेतील फ्लोरिडात काम करणाऱ्या संशोधकांनी जगासमोर आणला. पाऱ्यासाठी मात्र, इतक्या वर्षांच्या शोधानंतरही, त्या तोडीची एकही नैसर्गिक वनस्पती सर्वमान्य झालेली नाही. पाऱ्याचा वनस्पतीला कसलाही उपयोग नाही. जो काही आत शिरतो, तो बहुतांशी मुळांच्या पेशीभित्तींत आणि गंधकयुक्त रेणूंना चिकटून तिथेच अडकतो. मग मोहरीची कीर्ती आली कुठून, आणि ती त्या गावाच्या किती कामाची? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


पाषाणतळे · ३ जून, रात्री ११.०२

ताई, मी रसायनशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. धातूंचे पृथक्करण हेच माझे आयुष्यभराचे काम होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मोहरीची कीर्ती न्यूझीलंडमधून आली. १९९८ साली तिथल्या संशोधकांनी अमोनियम थायोसायनेट घातलेल्या मातीत मोहरी वाढवून तिच्यात सोने उतरवून दाखवले. पुढे त्याच परंपरेत तुई नावाच्या बंद पडलेल्या खाणीच्या गाळावर पाऱ्यासाठी प्रयोग झाले. त्यांत अमोनियम थायोसल्फेट हा गंधकाचा क्षार घातल्यावर मोहरीच्या खोडापानांत पारा स्पष्टपणे चढला. चीनच्या ग्वेजो प्रांतातील वानशान या जुन्या पाराखाणीच्या परिसरातही थायोसल्फेटवर पुष्कळ काम झाले आहे. म्हणजे जे ऐकू येते ते खोटे नाही, अर्धे आहे. मोहरी आपण होऊन पारा उचलत नाही. थायोसल्फेट मातीला घट्ट धरून बसलेला पारा सोडवते, विरघळलेल्या रूपात आणते आणि मग पाण्याबरोबर तो झाडात चढतो.

आता हिशेब करून पाहू. एक हेक्टर शेत आणि वरचा २० सेंटिमीटरचा थर घेतला तर माती होते २,००० घनमीटर, म्हणजे सुमारे २,६०० टन. किलोमागे १० मिलिग्रॅम पारा मानला, तर त्या थरात २६ किलो पारा आहे. तो किलोमागे १ मिलिग्रॅमपर्यंत आणायचा तर २३.४ किलो बाहेर काढावा लागेल. मोहरीचे वाळलेले वजन हेक्टरी १० टन धरू, जे उदार अनुमान आहे, आणि थायोसल्फेटच्या मदतीने वाळलेल्या पाल्यात किलोमागे ४० मिलिग्रॅम पारा उतरला असे मानू. एका पिकामागे ४०० ग्रॅम पारा निघेल आणि सुमारे ५९ पिके घ्यावी लागतील. तेही प्रत्येक पीक पहिल्याइतकाच पारा उचलेल असे गृहीत धरून. प्रत्यक्षात सहज सुटणारा पारा आधी निघतो आणि मागे राहतो तो हट्टी भाग. थायोसल्फेट घातले नाही आणि पाल्यात किलोमागे १ मिलिग्रॅमच उतरला, तर हाच आकडा २,३४० पिकांवर जातो. आणि हे किलोमागे १० मिलिग्रॅमच्या शेताचे झाले. पिंपातून निघालेल्या गाळात तो शेकडो ते हजारो मिलिग्रॅम असू शकतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. थायोसल्फेटने सोडवलेला सगळाच पारा मुळे उचलत नाहीत. उरलेला खाली झिरपतो. गावाची विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल, तर आपण मातीत निजलेला पारा जागा करून विहिरीकडे धाडला असे होईल. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे पाऱ्याची मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम आहे, यावरून किती थोडा पारा पुरतो याची कल्पना यावी. प्रयोगशाळेतील बंद कुंडीत मी थायोसल्फेट आनंदाने वापरीन. पावसाळी बेटावरच्या उताराच्या शेतात ते टाका असे मी कोणालाही सांगणार नाही.

आणि पाला शेळ्यांना घालू नये. याबाबतीत माझ्या मनात कोणतीही शंका नाही.


नदीकाठी · ४ जून, सकाळी ७.४०

माहितीपूर्ण धागा. मुळा-मुठेत दरवर्षी माजणारी जलपर्णी मुळांत धातू ओढते असे वाचले होते. गाळ पडलेल्या ओढ्यात किंवा तळ्यात जलपर्णी सोडून ती ठराविक काळाने काढत राहिलो तर काम सोपे होणार नाही का? ती फुकट मिळते आणि वाढते तर किती झपाट्याने.


रानजाई · ४ जून, सकाळी ८.२५

जलपर्णीची मुळे पाण्यातला पारा धरतात हे खरे आहे. पण पाऱ्याच्या बाबतीत तिच्यात एक मोठा धोका आहे. तिच्या मुळांच्या जाळीत सूक्ष्मजीवांची दाट वस्ती असते आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातील तरंगत्या वनस्पतींवर झालेल्या अभ्यासांत दिसले आहे की साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर होण्याची ही अतिशय सक्रिय जागा आहे. मिथिल पारा म्हणजे तोच, ज्याने जपानमधील मिनामाता उपसागराकाठची कुटुंबे उद्ध्वस्त केली; १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. मुळांतले किडे मासे खातात, मासे माणूस खातो आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. ज्या गावात ओढ्यातले मासे ताटात येतात, तिथे जलपर्णी मुद्दाम सोडणे मला योग्य वाटत नाही. आपल्याकडेही नदीतून काढलेली जलपर्णी कुठे जाते आणि तिचे खत होते का, हे विचारण्याजोगे आहे; पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.


पेशीभित्ती · ४ जून, दुपारी १.१०

मी जैवतंत्रज्ञानात काम करतो. नैसर्गिक वनस्पतीत क्षमता नसेल तर ती बाहेरून देता येते, हा मुद्दा इथे यायला हवा.

पाऱ्याला दाद न देणाऱ्या जिवाणूंमध्ये मेर नावाचा जनुकसमूह असतो. त्यातील मेर-ए हे जनुक विषारी पाऱ्याच्या आयनाचे साध्या, बाष्प होणाऱ्या पाऱ्यात रूपांतर करणारे विकर बनवते, तर मेर-बी मिथिल पाऱ्यातला कार्बन आणि पारा यांच्यामधील बंध तोडते. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात रिचर्ड मीगर यांच्या गटाने १९९६ साली मेर-ए हे जनुक वनस्पतीला मानवेल असे बदलून अरेबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात घातले आणि ती रोपे पाऱ्यात तग धरून राहिली. १९९८ साली हेच पिवळ्या पॉप्लर वृक्षात साधले. नंतर दोन्ही जनुके एकत्र असलेली रोपे तयार झाली. २००३ साली कनेक्टिकटमधील डॅनबरी शहरात, जिथे एके काळी टोप्यांच्या कारखान्यांत प्राण्यांच्या केसांचा नमदा करण्यासाठी पाऱ्याचे क्षार वापरत असत, त्या जमिनीवर अशी कॉटनवूडची झाडे प्रत्यक्ष लावण्यात आली. कॉटनवूड हा खरा पॉप्लर; पिवळा पॉप्लर मात्र नावापुरताच पॉप्लर.

हे तंत्र आपण फार लवकर बाजूला ठेवतो, असे मला वाटते. मिथिल पारा तोडणारी मुळे पाणथळ जागी खरोखर मौल्यवान ठरतील.


रानजाई · ४ जून, रात्री १०.३०

पेशीभित्ती, आपण दिलेला तपशील फार उपयोगाचा आहे, आणि मिथिल पारा तोडण्याच्या मुद्द्यावर मी आपल्याशी सहमत आहे. पण मेर-ए असलेले झाड पारा नष्ट करत नाही, हवेत सोडते. बाष्परूपातला पारा महिनोन्‌महिने वातावरणात फिरतो आणि मग कुठेतरी, कोणाच्यातरी रानावर किंवा समुद्रावर उतरतो. एका गावाची माती स्वच्छ करताना तो वाटा जगाच्या हवेत ढकलायचा का, हा प्रश्न तंत्राचा नाही आणि तो टाळताही येत नाही. २०१५ साली मानवी कारणांनी हवेत गेलेल्या पाऱ्यात लहान प्रमाणावरच्या सोनेखाणींचा वाटा सुमारे ३८ टक्के होता. त्यात आणखी भर घालणारी झाडे लावण्याऐवजी मुळांत पारा धरून ठेवणारी झाडे शोधावीत, असे माझे मत होत चालले आहे.

शिवाय अशी रोपे त्या गावापर्यंत न्यायची तर परवानग्या, रोपवाटिका आणि देखरेख या साऱ्यांची गरज पडेल. तिथे यांपैकी काहीही हाताशी नाही.


पेशीभित्ती · ५ जून, सकाळी ९.५५

हवेतल्या पाऱ्याचा मुद्दा मान्य आहे. मात्र एक नोंद करतो. उघड्या, उन्हात तापणाऱ्या गाळातूनही पारा सतत उडत असतो. त्यावर झाडांची सावली आणि पालापाचोळा आला तर हे उडणे कमी होते. म्हणजे कोणतेही जनुक न घालतासुद्धा हिरवे आच्छादन हवेच्या बाजूने काम करते. रानजाई, आपण आपल्या मताच्या बाजूने हा मुद्दा मांडायला हवा होता.


बांधावरून · ५ जून, रात्री ८.१५

मी पुरंदर तालुक्यातला शेतकरी आहे. रसायनशास्त्रातले मला कळत नाही, पण माती धरून ठेवण्याचा विषय निघाला म्हणून वाळ्याबद्दल लिहितो. आमच्या उताराच्या रानात मी पंधरा वर्षे वाळा लावतो आहे.

वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, आणि जमीन मोकळी असेल तर तीन मीटरपर्यंत पोहोचतात. पाऊस सुरू होताच जुने बेट खणून त्याचे फुटवे सुटे करावेत, पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि समपातळीच्या ओळीत चार ते सहा इंचांवर एकेक फुटवा लावावा. दुसऱ्या पावसाळ्यात ओळ भिंतीसारखी दाट होते आणि वाहून येणारी माती तिच्यामागे साठते. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा बी धरत नाही, त्यामुळे तो शेतभर पसरत नाही. नुसत्या मुरमावर मात्र तो पहिल्या वर्षी रडतो. प्रत्येक फुटव्याला ओंजळभर शेणखत दिले तर जगतो.

ताई, तुम्ही म्हणता तशा गाळाच्या ढिगाला वाळा धरून ठेवील याबद्दल मला खात्री आहे. पण आपल्याकडे वाळ्याची मुळे उन्हाळ्यात माठात टाकतात, पडदे करतात, अत्तर काढतात. पाऱ्याच्या मातीतली मुळे कोणाच्या माठात जाता कामा नयेत. हे आधी सांगा आणि मग वाळा लावायला सांगा.


भूस्तर · ५ जून, रात्री ११.४०

मी भूशास्त्राचा माणूस आहे आणि या धाग्याच्या दिशेबद्दल थोडी हरकत नोंदवतो.

मुळांत पारा धरून ठेवणे म्हणजे स्वच्छता नव्हे, तो प्रश्न जागच्या जागी झाकणे आहे. पाषाणतळे यांनी ज्या तुई खाणीचा उल्लेख केला, तिथला गाळ अखेरीस मोहरीने साफ झाला नाही. २०१३पर्यंत अभियांत्रिकी पद्धतीने गाळ बांधून, झाकून आणि पाणी वळवून तिथले काम पूर्ण करण्यात आले. आपल्या देशातले कोडईकनालचे उदाहरण घ्या. तिथे थर्मामीटरच्या कारखान्याच्या आवारातील माती पाऱ्याने दूषित झाली, २००१ साली कारखाना बंद झाला आणि पुढची अनेक वर्षे वाद चालला तो माती किती स्वच्छ करायची यावर: किलोमागे २० मिलिग्रॅम पुरे की त्याहून खाली जायचे. उपाय म्हणून माती धुणे आणि तापवून पारा वेगळा करणे यांचाच विचार झाला. जिथे जबाबदार पक्ष आहे आणि त्याच्याकडे पैसा आहे, तिथे माती खणून काढण्याची मागणी लोकांनी सोडू नये. झाडे लावली म्हणजे काम झाले, असे सांगणाऱ्यांच्या हाती आपण आयते कोलीत देऊ नये.

दुसरा मुद्दा पाऱ्याच्या रूपाचा आहे. स्पेनमधील अल्मादेन आणि स्लोव्हेनियातील इद्रिया ही शतकानुशतके चाललेली पाराखाणींची गावे. २०१२ साली दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरली. तिथला पुष्कळ पारा हिंगूळ रूपात, म्हणजे गंधकाशी बांधलेला आहे. हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सेकोटोंगमधला पारा मात्र धातुरूपात आला, बारीक दळला गेला आणि सायनाइडमध्ये भिजला, त्यामुळे तो कितीतरी अधिक चंचल आहे. एकूण पाऱ्याचा आकडा दोन्ही ठिकाणी सारखा निघाला, तरी धोका सारखा नसतो.


पाषाणतळे · ६ जून, सकाळी ६.५०

भूस्तर यांची हरकत रास्त आहे, आणि पैसेवाला जबाबदार पक्ष असेल तिथे मी त्यांच्याच बाजूने उभा राहीन. पण सेकोटोंगमध्ये गाळ टाकणारा आणि त्या गाळाच्या शेजारी भात पेरणारा पुष्कळदा एकाच घरातला असतो. तिथे खणून काढलेली माती कोण नेणार आणि कुठे ठेवणार? पुण्याजवळ रांजणगावला धोकादायक कचऱ्यासाठी अस्तर घातलेली भूभरण जागा आहे. त्या बेटावरच्या खेड्याला अशी सोय जवळपास नाही. म्हणून पुढच्या पावसाळ्यात गाळ शेतात आणि ओढ्यात उतरणार नाही एवढे तरी साधावे, हे उद्दिष्ट मला लहान वाटत नाही.

आता मोजणीबद्दल, कारण इथेच बहुतेक हौशी प्रयोग फसतात. झाडाच्या पानात पारा सापडला म्हणजे तो मातीतूनच आला, असे नाही. पाने हवेतला बाष्परूप पारा पर्णरंध्रांतून थेट घेतात. शेजारच्या अंगणात कोणी गोळा तापवत असेल, तर निर्मळ मातीतल्या रोपाच्या पानांतही पारा भरपूर दिसेल. पेरूमधील माद्रे दे दिओस प्रांतातल्या सोनेखाणींजवळच्या जंगलांवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाडांच्या पानांनी हवेतला पारा फार मोठ्या प्रमाणात पकडल्याचे दिसले. म्हणून विद्यार्थिनीने काहीही मोजायचे ठरवले, तर गावाबाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीच्या कुंड्या त्याच जागी, त्याच रोपांसह ठेवाव्यात. दोन्हींतला फरक हाच मुळांनी उचललेला पारा.

पाने धुऊन घ्यावीत, कारण त्यांवरची धूळ हीच गाळाची असते. नमुने ४० अंशांच्या वर तापवून वाळवू नयेत, नाहीतर मोजण्याआधीच पारा उडून जाईल. मुळे, खोड आणि पाने वेगवेगळी ठेवावीत. जवळच्या विद्यापीठात शीत-बाष्प पद्धतीचे उपकरण असेल तर उत्तम. त्यात नमुन्यातला पारा बाष्परूपात सोडवून २५३.७ नॅनोमीटरच्या किरणांचे शोषण मोजतात, आणि अगदी अल्प पाराही त्यात दिसतो.


अंकुर · ६ जून, सकाळी १०.२०

मी पदव्युत्तर वर्गात आहे आणि विषय नवा आहे. एक शंका आहे: गावात भात पिकत असेल तर मोहरीआधी भाताचा विचार करायला नको का? चीनमधील वानशानबद्दल वाचताना असे दिसले की तिथल्या लोकांच्या शरीरात मिथिल पारा मुख्यतः भातातून गेला, माशांतून नाही.


रानजाई · ६ जून, दुपारी ३.०५

अंकुर, या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपण विचारला आहे, आणि तो मी स्वतःच पहिल्या दिवशी मांडायला हवा होता.

भाताच्या खाचरात पाणी उभे राहते, मातीतला प्राणवायू संपतो आणि गंधकक्षारांवर जगणारे जिवाणू कामाला लागतात. पाऱ्याला मिथिल गट जोडणारी जनुकांची जोडी २०१३ साली ओळखली गेली आणि ती अशा प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंमध्ये सापडते. खाचरात तयार झालेला मिथिल पारा भाताचे रोप साध्या पाऱ्यापेक्षा कितीतरी सहजपणे दाण्यापर्यंत नेते. म्हणजे जे शेत कोरडे असताना फारसा त्रास देत नाही, तेच पाणी भरल्यावर विष शिजवू लागते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी हे सर्वांत घातक आहे, कारण वाढत्या मेंदूवर मिथिल पाऱ्याचा आघात होतो.

यावरून थायोसल्फेटविषयी आणखी एक सावधगिरी निघते: गंधकाचे क्षार घातलेल्या शेतात पुढे पाणी भरले, तर त्या जिवाणूंना आपण आयते खाद्य पुरवले असे होईल.


रानजाई · ९ जून, रात्री ९.५०

सर्वांच्या उत्तरांवरून मी विद्यार्थिनीला पत्र लिहिले. मोहरी पेरू नका, असे स्पष्ट लिहिले. गाळाचे पाणी ज्या खाचरांत उतरते तिथे भात न लावता कोरडे पीक घ्यावे, पाट वरच्या बाजूने वळवावा आणि शेळ्यांना गाळावर चरू देऊ नये, असे सांगितले. गोळा उघड्यावर न तापवता बंद भांड्यात तापवून पारा परत धरण्याची साधी उपकरणे असतात, आणि फिलिपाइन्सच्या बेंगेत प्रांतात खाणकामगार पाऱ्याऐवजी टाकणखाराने सोने वितळवून काढतात, हेही कळवले. नवा पारा येत राहिला तर कोणतीही मुळे पुरी पडणार नाहीत. गाळाच्या ढिगावर वाळा लावावा आणि त्याची मुळे कधीही उपटू नयेत, असे बांधावरून यांच्या शब्दांत लिहिले.

आज तिचे उत्तर आले. वाळ्याला तिथे आकार वांगी म्हणतात, म्हणजे सुगंधी मूळ. जावा बेटावरच्या गारुत भागात त्याची मोठी लागवड आहे आणि मुळांपासून तेल काढून ते परदेशी जाते. गावातल्या बैठकीत वाळ्याचे नाव निघताच लोकांनी पहिला प्रश्न विचारला की मुळे कोण विकत घेईल. ती लिहिते, “बाई, मी नको म्हटले तरी तिसऱ्या वर्षी कोणीतरी ती खणणारच. पैशांची गरज इथे फार मोठी आहे.” बांधावरून यांनी जी भीती सांगितली होती, तीच तिथल्या लोकांच्या तोंडून बाहेर आली.

म्हणून आता विचारते. गाळ धरून ठेवील, शेळी तोंड लावणार नाही आणि बाजारात जिला भाव नाही, अशी कोणती वनस्पती सुचवता येईल?


पाषाणतळे · १० जून, सकाळी ७.१५

कोलंबियातील सोनेखाणीच्या मातीवर मोगली एरंडाचे प्रयोग झाले आहेत. पारा प्रामुख्याने मुळांत राहिला आणि रोपे तगली. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. सेकोटोंगच्याच मातीवर तीन स्थानिक तणांचेही प्रयोग झाले आहेत, पण त्यांतले एक डिजिटेरिया गवत आहे आणि ते जनावरे आवडीने खातात, म्हणून मी ते सुचवणार नाही.


रानजाई · १० जून, सकाळी ८.४०

मोगली एरंडाला इंडोनेशियात जाराक पागार म्हणतात, आणि पागार म्हणजे कुंपण. म्हणजे आपल्यासारखेच तिथेही ते बांधावर लावतात आणि लोकांच्या ओळखीचे आहे. एकच गोष्ट मला अडवते. त्याच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि त्यांना विषबाधा होते. आपल्याकडे शाळकरी मुलांच्या अशा बातम्या दर थोड्या दिवसांनी येतात. गाळाच्या ढिगावर मुले खेळतात, असे विद्यार्थिनीने लिहिले आहे.


बांधावरून · १० जून, रात्री ८.३०

मुले तिथे खेळत असतील तर कुंपण आधी आणि बाकीचे नंतर. ढिगाच्या कडेने मोगली एरंडाची दाट ओळ लावा, म्हणजे शेळ्या आणि मुले दोन्ही आत जाणार नाहीत. पहिली दोन वर्षे फळ धरू लागले की हिरवे असतानाच तोडून त्याच ढिगावर पुरा; ते काम शाळेतल्या मुलांना देऊ नका, मोठ्यांनी करावे. पुढे दरवर्षी फुलोऱ्याच्या आधी छाटणी केली तर फळ फारसे येत नाही. छाटलेल्या फांद्या मात्र चुलीत घालू देऊ नका, कारण तुम्ही सगळे सांगता तो पारा धुरातून घरात येईल. त्या तिथेच आडव्या अंथरा, पावसाचा मारा त्यांच्यावर बसेल.

लावताना हातभर लांबीची, अंगठ्याएवढ्या जाडीची जून फांदी घ्यावी, चीक वाळेपर्यंत दोन दिवस सावलीत ठेवावी आणि वीतभर खोल रोवावी. दोन फांद्यांमध्ये वीतभरच अंतर ठेवावे. तिथला पाऊस कोणत्या महिन्यात सुरू होतो?


रानजाई · १० जून, रात्री ९.०५

साधारण नोव्हेंबरमध्ये. म्हणजे फांद्या जमवायला आणि कुंपणाची रेघ आखायला पाच महिने हाताशी आहेत. उद्या सकाळी तिला कळवते.